लेबर कॅम्पवर बालवाडी सुरू करताना

वाघोली, हिंजवडी, घोडबंदर, पनवेल, कुठेही टॉवर उभा राहायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहते. नांदेड-लातूर, कलबुर्गी-यादगीर, तेलंगण, छत्तीसगड, बुंदेलखंड, झारखंड, बिहार, पश्चिम बंगाल अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं तिथे राहतात. आई बिगारी, बाप गवंडी किंवा सेंट्रिंगवाला. सकाळी आठला दोघंही कामावर जातात. तीन ते सहा वर्षांची मुलं मागे राहतात आणि त्यांना सांभाळते आठ-नऊ वर्षांची बहीण. हा लेख या मुलांसाठी साइटवर बालवाडी सुरू करू पाहणाऱ्या नव्या लोकांसाठी आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करा. मूल तुमच्याकडे किती दिवस राहणार, ते तुमच्या हातात नाही. स्लॅब संपले की ठेकेदार माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, होळीला किंवा पेरणीला कुटुंब गावी जातं, कधी उचल फिटत नाही म्हणून रातोरात निघून जातं. वर्षभराचा अभ्यासक्रम आखून बसलात तर जूनमध्ये पेरलेलं मार्चमध्ये कापायला कोणीच उरणार नाही. खालची बहुतेक कामं या एका अडचणीभोवतीच आखलेली आहेत.

हे काम नवं नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला करून दाखवलं. बांधकामावरचं पाळणाघर मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटजवळ सुरू केलं आणि त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. मुंबईत १९८८ पासून डोअर स्टेप स्कूल आहे. अशा संस्था पुण्यातही साइटवर काम करतात. तुमच्या साइटवर त्यांच्यापैकी कोणी आधीच असेल तर नवी खोली मागू नका, त्यांच्याकडे जाऊन शिका.

पहिलं काम: मोजणी, पण कागद न मागता

कॅम्पवर दुपारी जाऊन उपयोग नाही, तेव्हा फक्त मुलं आणि बाळंतिणी असतात. संध्याकाळी साडेसहा ते आठ किंवा रविवारी सकाळी जा. आधी मुकादमाला भेटा. तो मालक नसला तरी कॅम्पवर त्याचाच शब्द चालतो, आणि त्याला वगळून बायकांशी बोललात तर दुसऱ्या दिवशी दारं बंद होतात. साइट इंजिनिअर आणि सेफ्टीवाल्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती लेखी घ्या.

एका वहीत खोलीवार नोंद करा: मुलाचं हाकेचं नाव, अंदाजे वय, दिवसा कोण सांभाळतं, घरात कोणती भाषा बोलतात, गाव-तालुका-जिल्हा, इथे कधी आले, पुढचा सण कुठे करणार. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. ‘किती दिवस राहणार?’ असं विचारलं तर कोणी नीट सांगत नाही. ‘होळी इथे की गावाला?’ असं विचारलं की लगेच उत्तर मिळतं.

आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड यांची चौकशी पहिल्या भेटीत करू नका. कागद मागणारा माणूस म्हणजे पोलीस किंवा खोली खाली करायला आलेला, अशी समजूत असते. बांगला बोलणाऱ्या कुटुंबांत ही भीती जास्त असते आणि ती निराधार नाही. कागदांचं काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बालवाडी चालू झाल्यावर करा.

वय ठरवताना उंचीवर जाऊ नका. कुपोषणाने खुंटलेलं पाच वर्षांचं मूल साडेतीनचं दिसतं. डोक्यावरून हात नेऊन कान धरायची जुनी पद्धतही याच कारणाने फसते. त्याऐवजी सणांवरून मोजा: जन्म दिवाळीच्या आधीचा की नंतरचा, कोणत्या होळीला चालायला लागलं, पाठच्या भावंडाच्या वेळी किती मोठं होतं. पुढचे दुधाचे दात हलत असतील तर मूल साधारण सहाच्या आसपास आहे, म्हणजे त्याची जागा तुमच्याकडे नाही, पहिलीत आहे.

अंगणवाडी जवळ असेल तर

हा प्रश्न खोली शोधायच्या आधी सोडवा. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण आणि गरम शिजवलेला आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी न्यायचा शिधा मिळतो. स्थलांतरित कुटुंबाचाही त्यावर तितकाच हक्क आहे. ‘तुमचं नाव गावाकडे आहे’ हे कारण टिकत नाही. पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये लाभार्थ्याची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीत हलवण्याची सोय आहे. सेविकेला ते जमत नसेल तर पर्यवेक्षिकेला भेटा, आणि भेटताना नावांची यादी सोबत न्या. तोंडी तक्रारीपेक्षा पंचवीस नावांचा कागद लवकर काम करतो.

अंगणवाडी चालत दहा-पंधरा मिनिटांवर असेल, मधे मोठा रस्ता नसेल आणि तिथे खरोखर शिकवलं जात असेल, तर वेगळी बालवाडी काढू नका. सकाळी मुलांना गोळा करून नेणारी एक बाई ठेवा आणि सेविकेला शिकवण्याच्या साहित्याची मदत करा. वेगळी खोली, वेगळी पाटी असं काही दाखवता येत नाही म्हणून देणगीदारांना हा मार्ग फारसा आवडत नाही, पण साइट संपल्यावरही अंगणवाडी तिथेच राहते. ती लांब असेल, हायवेपलीकडे असेल, किंवा सेविकेकडे आधीच पटापेक्षा जास्त मुलं असतील, तरच पुढचं वाचा. तेव्हाही आहार आणि लसीकरणासाठी मुलांची नावं अंगणवाडीतच घालायची.

खोली

बिल्डरकडे जाताना उपकार मागायला आल्यासारखे जाऊ नका. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक महिला कामगार असलेल्या ठिकाणी त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली देणं बंधनकारक केलं होतं, आणि नंतरच्या श्रम संहितांतही पाळणाघराची तरतूद आहे. तरी पहिल्याच बैठकीत कायद्याचं कलम टेबलावर आपटू नका. मोकळी मुलं साइटवर फिरली तर अपघाताचा धोका कोणावर येतो, हे सेफ्टी ऑफिसरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्याला आपल्या बाजूने घ्या.

लेखी मागायच्या गोष्टी: खोली, वीज, दिवसातून दोनदा पाणी, साफसफाईला एक माणूस, आणि कॅम्प हलवायच्या किमान पंधरा दिवस आधी सूचना. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि मग सोमवारी सकाळी खोलीच्या जागी मोकळं मैदान दिसतं.

पूर्वप्राथमिकच्या राष्ट्रीय निकषांत तीस मुलांना सुमारे ३५ चौरस मीटर जागा धरली आहे. कॅम्पवर सहसा दहा बाय वीस फुटांची पत्र्याची खोली मिळते, म्हणजे त्याच्या निम्मीच. त्यात पंधरापेक्षा जास्त मुलं बसवू नका. पंचवीस असतील तर दोन गट करा, एक आत आणि एक बाहेर सावलीत, आणि तासाभराने जागा बदला.

पत्रा मार्चपासून तापतो. छतावर थेट ताडपत्री टाकून फरक पडत नाही. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी जाळी किंवा बांबूचे तट्टे बांधा, म्हणजे मधून हवा खेळते. समोरासमोर दोन खिडक्या कापून घ्या. एप्रिल-मे महिन्यांत वर्ग साडेसातला सुरू करून साडेअकराला संपवा.

जमीन कोब्याची हवी, मातीची नको, आणि त्यावर धुता येणारी चटई. पिण्याच्या पाण्याला झाकण आणि तोटी असलेली टाकी ठेवा, उघड्या पिंपात ग्लास बुडवणं बंद करा. क्युरिंगचं (काँक्रीटवर मारायचं) किंवा टँकरचं बांधकामाचं पाणी मुलांना कधीही द्यायचं नाही. दाराला मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कडी बाहेरूनही आणि आतूनही हवी.

रोज सकाळी मुलं यायच्या आधी मदतनिसाने एक फेरी मारायची. खिळे असलेल्या फळ्या, सळ्यांची टोकं, उघडी वायर, पाण्याची टाकी, खोदलेला खड्डा, डक्टचं (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीचं) तोंड हे सगळं बघायचं. दीड फूट पाणी साठलेला खड्डासुद्धा तीन वर्षांच्या मुलाला बुडवायला पुरतो. खोलीपासून तीस-चाळीस पावलांच्या आत असं काही असेल तर ते झाकल्याशिवाय वर्ग उघडू नका.

माणसं

तीन ते सहा वयाला वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असा हिशोब धरा. मदतनीस कॅम्पवरचीच घ्या, शक्यतो ज्या भाषेची मुलं जास्त आहेत त्या घरची. तिचा पगार बिगारीच्या रोजापेक्षा कमी ठेवलात तर ती महिनाभरात कामावर परत जाईल, आणि त्यात तिची काही चूक नसेल. ही बचत करायची जागा नाही. बाहेरून बस पकडून येणारी, प्रमाणपत्र असलेली पण त्या मुलांची भाषा न कळणारी दुसरी शिक्षिका नेमण्यापेक्षा हे पैसे इथे घाला.

तीन वर्षांखालची भावंडं हा नव्या लोकांना गोंधळात टाकणारा प्रश्न आहे. ‘आमची बालवाडी तीनच्या पुढची’ असं म्हणून दीड वर्षाच्या बाळाला परत पाठवलंत, तर त्याला घेऊन बसलेली चार वर्षांची बहीणही परत जाते आणि नऊ वर्षांची मोठी शाळा सोडते. पैशाची सोय झाली की सगळ्यात आधी पाळणाघर जोडा. तीनखालच्या दहा बाळांमागे एक स्वतंत्र बाई लागते, तिला वर्गाचं काम देऊ नका. सोय होईपर्यंत भावंडाला आईच्या परवानगीने एका कोपऱ्यात झोळी बांधून राहू द्या.

पहिले पंधरा दिवस

शिकवू नका. मुलांना जागेची, माणसांची आणि दिवसाच्या क्रमाची सवय होऊ द्या. पहिल्या आठवड्यात दोनच तास भरवा. रडणाऱ्या मुलाला आई निघून गेल्यावर दार लावून आत कोंडणं, खाऊचं आमिष, ‘रडलास तर पोलीस येईल’ असला धाक, यांतलं काहीही करायचं नाही. मदतनीस त्याच्या भाषेत बोलेल, मांडीवर घेईल, हवं तर दारात बसेल. चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपणहून आत सरकतं.

क्रम रोज तोच ठेवा. साडेआठला हातपाय-तोंड धुणं आणि नाव-कार्ड भिंतीवर लावणं. नऊला मोकळा खेळ. पावणेदहाला गोल करून गाणी-गप्पा. सव्वादहाला खाणं. अकराला गोष्ट. साडेअकराला चित्र, माती किंवा मोजणीचा खेळ. बाराला बाहेरचा खेळ, साडेबाराला निरोप. घरी न्यायला कोण येणार हे वहीत लिहिलेलं असावं आणि त्याच माणसाकडे मूल द्यायचं. ओळखीचा दिसतो म्हणून कोणाच्याही हातात मूल द्यायचं नाही.

खाणं लवकर ठेवण्याचं कारण साधं आहे. आईबाप पहाटे स्वयंपाक करून डबा घेऊन जातात आणि मूल अनेकदा आदल्या रात्रीच्या भातावर असतं. दहाच्या सुमाराला चिडचिड, मारामारी, गोष्टीकडे लक्ष नसणं असं दिसलं तर आधी पोट बघा, स्वभाव नंतर.

भाषा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वर्गात चार भाषांची मुलं असतात आणि शिक्षिकेला त्यातली एकच येते. मग ‘इथे मराठीच बोलायचं’ असा नियम निघतो आणि अर्धी मुलं गप्प होतात. गप्प मूल शांत वाटतं, म्हणून चूक लक्षात यायला महिने जातात.

उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक भाषेतले पंचवीस-तीस शब्द मदतनिसांकडून आणि आयांकडून विचारून देवनागरीत लिहून भिंतीवर लावा. सुरुवात शरीराच्या गरजांपासून करा: पाणी, भूक, शी, शू, दुखतंय, नको, आई. आईला तेलुगूत अम्मा, कलबुर्गीकडच्या कन्नडमध्ये अव्वा, बंजारा घरांत याडी. ‘ये’ म्हणायला तेलुगूत रा, कन्नडमध्ये बा. ‘हवं’ आणि ‘नको’ तेलुगूत कावाली-वद्दु, कन्नडमध्ये बेकु-बेड. पोट दुखतंय हे सांगता न आलेलं मूल रडतं, आणि रडतं म्हणून त्याला हट्टी ठरवलं जातं.

मराठी टाळायची नाही, पण तिला नित्यक्रमातून येऊ द्या. ‘हात धू’, ‘चटई घाल’, ‘बाहेर चला’ ही वाक्यं रोज त्याच वेळी, त्याच कृतीबरोबर ऐकली की दोन-तीन आठवड्यांत मुलं ती समजतात आणि मग बोलू लागतात. काही मुलं महिना-दोन महिने नवी भाषा फक्त ऐकतात, बोलत काहीच नाहीत. त्यांना मंद समजू नका. सांगितलेलं काम ती करतात का, ते बघा. करत असतील तर भाषा आत जाते आहे.

उच्चार सुधारत बसू नका. हिंदी-भोजपुरी घरातलं मूल ‘फळ’ला ‘फल’ म्हणेल, कारण त्याच्या भाषेत ळ नाही. ‘चमचा’मधला मराठी च त्याला वेगळा ऐकूच येत नाही. तुम्ही तुमचा उच्चार नीट करा, बाकी कान करेल. आणि हिंदीभाषक आई ‘बच्चे को शिक्षा मिलनी चाहिए’ म्हणाली तर दचकू नका, तिला शिक्षण म्हणायचं आहे.

गोष्ट दोन भाषांत सांगायची रीत अशी: सोमवारी मदतनीस घरच्या भाषेत पूर्ण गोष्ट सांगते. मंगळवारी शिक्षिका तीच मराठीत, चित्रं दाखवून. बुधवार-गुरुवारी मुलं पात्रं होतात, ज्याला जी भाषा येते तीत बोलतात. वाक्यागणिक भाषांतर करत जाऊ नका, गोष्टीचा जीव जातो आणि मुलं फक्त आपल्या भाषेची वाट बघत बसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक गोष्टी मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, बांगला, उडिया अशा भाषांत फुकट मिळतात आणि छापून घ्यायला परवानगी लागत नाही. एकाच गोष्टीच्या तीन भाषांतल्या प्रती जवळ ठेवा.

आठवडा हा पूर्ण घास

मूल कधीही जाऊ शकतं, म्हणून प्रत्येक आठवडा स्वतंत्र आणि पुरता असला पाहिजे. एका आठवड्यात एक गोष्ट, दोन गाणी, मोजणीची एक कल्पना, ऐकण्याचा एक खेळ, हाताचं एक काम, बाहेरचं एक निरीक्षण. पुढच्या सोमवारी नवं मूल आलं तरी मागचं न कळल्यामुळे त्याचं अडू नये. जुनी मुलं कंटाळतील अशी भीती वाटते, पण चार वर्षांचं मूल तीच गोष्ट दहाव्यांदाही मागतं. दर पाच-सहा आठवड्यांनी गोष्टी फिरून आणा.

पंचवीस मुलांसाठी साहित्य: सेंट्रिंगच्या टाकाऊ लाकडाचे घासून गुळगुळीत केलेले शंभरेक ठोकळे (खिळे काढून, पॉलिश पेपर मारून, रंग न लावता), बाटल्यांची दोनशे झाकणं, अर्धा किलो चिंचोके, तीस चित्रांची पुस्तकं, जाड खडू, पाठकोरे कागद, पाच-सहा बाहुल्या, जुन्या साड्यांचे तुकडे, एक मोठा आरसा. चिंचोके आणि बारीक झाकणं चारच्या पुढच्या मुलांनाच, मोजून द्या आणि मोजून घ्या. लहान भावंडं ती तोंडात घालतात, नाकातही.

मातीकाम करायला साइटवरची माती उचलू नका. तिच्यात सिमेंट किंवा चुना मिसळलेला असतो आणि ओलं सिमेंट कातडी भाजतं. कुंभाराकडून किंवा शेतातून पोयट्याची माती आणा, दहा किलो पुरते. ओल्या पोत्यात झाकून ठेवली की आठवडा टिकते.

मोजणी पाचच्या पुढे न्यायची घाई नको. शंभरपर्यंत पाढ्यासारखं म्हणणारं मूल ‘चार झाकणं दे’ म्हटलं की मूठभर देतं. एका वस्तूला एक आकडा, हे बोट ठेवून आधी व्हायला हवं. बापाच्या कामातल्या गोष्टी इथे फार उपयोगी पडतात: ठोकळ्यांची भिंत रचताना सांधा मोडायचा (वरचा ठोकळा खालच्या सांध्यावर ठेवायचा) की नाही, ओळंबा सरळ आहे का, कोणती काठी लांब. घरी जाऊन मुलं बापाशी यावर बोलतात, ही तुमच्या कामाची चांगली खूण समजा.

पालक विचारतील, ‘लिहायला कधी शिकवणार?’ त्यांचा प्रश्न बरोबर आहे. त्यांनी शाळेत पाहिलेलं शिक्षण म्हणजे पाटी. तरी तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन अ गिरवून घेऊ नका, बोटांचे स्नायू तयार नसतात आणि ते दमून नाराज होतं. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरात कार्डावर लिहा. मूल रोज आपलं कार्ड शोधून लावतं, महिन्याभरात ओळखतं, पाचव्या वर्षाच्या आसपास बघून काढतं. आईला आपल्या मुलाचं नाव मुलाच्या हातून दिसलं की पाटीचा आग्रह मावळतो.

आरोग्याची चार कामं

दंडघेर पट्टी ठेवा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. ११.५ ते १२.५ असेल तर अंगणवाडीला कळवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. लसीचं कार्ड बघा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचे बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर स्थलांतरात हमखास चुकतात. खरूज झाली तर एका मुलाला औषध देऊन थांबत नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं. कान वाहत असेल तर बोलणं उशिरा येण्याचं कारण तिथेच असू शकतं.

पालकांच्या बैठका

आठवड्याच्या बाजाराच्या आणि खर्ची (खर्चाला मिळणारी आगाऊ रक्कम) मिळण्याच्या दिवशी बैठक ठेवू नका. स्लॅब ओतायच्या दिवशीही नको, तेव्हा काम मध्यरात्रीपर्यंत चालतं. त्या दिवशी उलट वर्ग उशिरापर्यंत उघडा ठेवा, मुलं अंधारात एकटी असतात. बैठक वीस मिनिटांची, उभ्या-उभ्या खोलीच्या दारात. भाषण नको. मुलांनी रचलेलं, काढलेलं दाखवा, एक गाणं म्हणून घ्या आणि एकच गोष्ट मागा, जसं की रात्री जेवताना मुलाला आजची गोष्ट विचारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हे जमतं. बापांना वेगळं बोलवा, नाहीतर ते मागे विडी ओढत उभे राहतात.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी करता येते आणि मुलांच्या शाळेसाठी मदत मिळते. एजंटला पैसे देऊ नका, हे बैठकीत स्पष्ट सांगा. ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला मिळवणं हे यातलं खरं अवघड काम, त्यासाठी मुकादम लागतो.

पहिलीत घालताना

सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल बालवाडीत ठेवून घेऊ नका, तुमचा पट कमी दिसला तरी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली काही कलमं तोंडपाठ करा. कलम ९ प्रमाणे स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावरही प्रवेश द्यावा लागतो. मोठ्या भावंडांसाठी कलम ५: जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश थांबत नाही. कलम ४: आठ वर्षांचं मूल आठ वर्षांच्याच वर्गात बसतं आणि मागे पडलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढलं जातं. आधार नसल्याने शाळाप्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. तरी १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला मिळवायला आतापासून लागा, कारण त्यांच्यासाठी कायद्याने तोच जन्माचा पुरावा ठरवला आहे. दाखला मूल जिथे जन्मलं तिथलाच निघतो. जन्माची नोंद वर्षभरात झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे गावी जाणाऱ्या कुटुंबाच्या हातात अर्ज आधीच लिहून द्यावा लागतो.

शाळेत एकेक मूल घेऊन जाऊ नका. पाच-सहा पालक, यादी, अंगणवाडीतली नोंद आणि वयाचं पालकांचं प्रतिज्ञापत्र घेऊन जा. मुख्याध्यापकांची खरी अडचण बहुतेकदा वेगळी असते: मूल तीन महिन्यांत गेलं की ऑनलाइन पटाचा घोळ त्यांना निस्तरावा लागतो. ‘मूल जाताना आम्ही तुम्हाला कळवू आणि पुढच्या शाळेचं नाव देऊ’ असा शब्द द्या आणि पाळा. पुढच्या वर्षी दार आपोआप उघडतं.

माध्यम निवडताना कुटुंब कुठे जाणार ते विचारा. दर पावसाळ्यात यादगीरला परतणाऱ्या मुलाला कन्नड माध्यम मिळालं तर उत्तम. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, तिथे हा पर्याय खरा आहे. इथेच राहणाऱ्या कुटुंबाला जवळची मराठी शाळा सोयीची. पाच किलोमीटरवरच्या योग्य माध्यमापेक्षा पाऊण किलोमीटरवरची शाळा मुलाला जास्त दिवस टिकवते.

गळती पहिल्या महिन्यात होते आणि कारण बहुधा रस्ता असतो. मुलांना रांगेत नेऊन आणणारी एक बाई पहिले सहा आठवडे तरी ठेवा, दोरीला धरून चालणारी दहा-बारा मुलं.

जाण्याचा दिवस

कुटुंब निघणार हे आधी मुलांना कळतं, मग मुकादमाला, मग तुम्हाला. ‘आम्ही रेल्वेने जाणार’ असं खेळताना कोणी म्हणालं की त्याच संध्याकाळी घरी जा. प्रत्येक मुलाची एक प्लास्टिकची पिशवी पहिल्या महिन्यापासून तयार असावी: लसीच्या कार्डाची प्रत, जन्मदाखला किंवा वयाचं प्रतिज्ञापत्र, अंगणवाडीतल्या नोंदीचा तपशील, नाव-कार्ड, दोन चित्रं, एक गोष्टीचं पुस्तक, आणि मराठी व हिंदी दोन्हीत लिहिलेली एका पानाची चिठ्ठी: मूल काय करू शकतं, कोणती भाषा बोलतं, पुढच्या शिक्षिकेने काय करावं. मूळ कागद स्वतःजवळ कधी ठेवू नका. महाराष्ट्रातल्या शाळेत नाव असलेल्या मोठ्या भावंडासाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, त्यावर दुसऱ्या ठिकाणच्या शाळेत लगेच बसता येतं.

बापाचा नंबर बदलतो, म्हणून गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही वहीत ठेवा. पंधरा दिवसांनी एक फोन करा: कुठे आहात, जवळ अंगणवाडी कोणती, पिशवी दाखवली का. हजेरीपटावरचं नाव खोडू नका, समोर ‘गावी’ किंवा नव्या साइटचं नाव लिहा. दिवाळीनंतर त्याच ठेकेदाराबरोबर बरीच कुटुंबं परत येतात, कधी याच साइटवर, कधी दोन किलोमीटरवरच्या नव्या. मुकादमाला विचारलं की तो सांगतो.